कडुनिंबाच्या जागी त्रिवेणी

दर वर्षी एक मे ते दहा जून मांडवखेड्यातल्या झाडांच्या सावल्या रजेवर जातात, आणि त्यांच्या जागी शाळेच्या सेवा मंडळातली मुलं बदलीवर बसतात.

गावाला यात नवल वाटत नाही. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, ऐन उन्हाळ्यात सावलीने रजा घ्यायची म्हणजे अतीच झालं. पण सणवार नाही, रविवार नाही, वर्षभर उन्हात पडून राहणाऱ्याने रजा घ्यायची तरी कधी? थंडीत घेऊन तिने करायचं काय? तेव्हा तिला कुत्रं विचारत नाही. नगरपंचायतीने हे सव्वीस वर्षांपूर्वीच मान्य केलं आणि शाळेला पत्र दिलं. शाळेने ते पत्र सेवा मंडळाकडे सरकवलं. सावल्या जातात कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. रजेवरच्या माणसाला तरी आपण कुठे विचारतो!

काम तसं सोपं आहे. सकाळी साडेसहाला झाडाखाली यायचं, खोडाकडे तोंड करून उकिडवं बसायचं, झाडाचं नाव आणि आपला हजेरी क्रमांक हळू आवाजात एकदा सांगायचा. लगेच झाडाएवढा गारवा पसरतो. ऊन सरकेल तसं आपणही बसल्या बसल्या सरकायचं. खोडाला पाठ टेकायची नाही. टेकली तर झाडाला वाटतं, आपली परत आली, आणि मग त्याची समजूत काढता काढता नाकी नऊ येतात. बोलायला हरकत नाही, डुलकीलाही नाही, उलट डुलकीत सावली दाट पडते. फक्त सूर्य बुडेपर्यंत उठायचं नाही.

त्रिवेणी भोयरला नेमकं तेच जमत नव्हतं.

झाडं वाटून देताना प्रार्थनेच्या रांगेतली उंची बघतात. त्रिवेणी रांगेत सगळ्यात शेवटची, म्हणजे सगळ्यात उंच, म्हणून तिला मिळाला एसटी स्टँडवरचा कडुनिंब. गावातलं सगळ्यात जड काम. त्याच्याखाली लतीफचाचाचं पंक्चरचं दुकान, यवतमाळच्या गाडीची वाट बघणारे तीस-चाळीस लोक, आणि कोणाची तरी एक बकरी. पोरीच्या पायाला तर भिंगरी. ती शाळेच्या खो-खो संघातली. चोवीस मेला जिल्ह्याची निवड चाचणी होती, आणि पुढच्या वर्षी दहावी. आईने बजावून ठेवलं होतं, "दहावीत मैदान बंद." म्हणजे ही चाचणी शेवटची. या एका विचाराने तिला बसल्या जागी घाम फुटायचा, आणि सावलीला घाम फुटला की खालची जमीन ओलसर होते. बकरीला ते आवडे.

मागच्या वर्षी तिची निवड हुकली होती ती एका खोडीमुळे. खो-खोत बसलेल्या गड्याने कधी उठायचं? मागून पाठीवर हात पडला आणि 'खो' ऐकू आला, की. हात ज्याचा, आवाज त्याचाच, दोन्ही मिळून एक खो. त्रिवेणी हात लागला की उठायची. आवाज यायच्या आत. चाचणीत तीनदा फाऊल झाला, आणि धुर्वे मॅडम, म्हणजे तिच्या खेळाच्या बाई, परत येताना जीपमध्ये हाच नियम पुन्हा घोकून घेत राहिल्या.

तीन मेला दुपारी बाराच्या गाडीतून एक आजोबा उतरले आणि त्यांची पिशवी त्रिवेणीच्या पाठीला घासली.

झालं! पोरगी ताडकन उठली ती उठली. तिच्याबरोबर सगळी सावलीही जमिनीवरून उठली आणि वर फांद्यांत जाऊन अडकली. खाली रणरण ऊन. लतीफचाचाच्या हातातलं सोल्यूशन ठिगळ लावायच्या आत वाळलं, आजोबांना भोवळ आली, बकरीने दावं तोडलं. सावली पुन्हा खाली आणायला अर्धा तास गेला.

मंडळाचे प्रमुख लांजेवार सर छत्री घेऊन आले. ते भूगोल शिकवतात.

"का उठलीस?"

"हात लागला, सर."

"आवाज आला होता?"

"नाही, सर."

"मग?" सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "चिंचेचं माहीत आहे ना?"

माहीत कोणाला नव्हतं! शाळेच्या फाटकाजवळच्या चिंचेखाली दोन वर्षांपूर्वी बसलेला मुलगा बर्फगोळा खायला उठून गेला होता. हे त्या सावलीच्या कानावर गेलं आणि ती दहा जूनला आलीच नाही. तिची रजा अजून चालू आहे. चिंच बारा महिने ऊन पाडत उभी आहे.

"कडुनिंबाचं तसं झालं तर लतीफने दुकान कुठे न्यायचं?" सर म्हणाले. "मागच्या वर्षी नुसत्या झळांनी दोनदा सलाईन लागलं त्याला."

ते गेल्यावर त्रिवेणी रडली. राग स्वतःचाच होता. लतीफचाचा टायर उलटं करून तिच्याजवळ येऊन बसला. चाचा साठीचा, बोलायला तिखट, मनाचा लोण्यासारखा.

"रडून कायले राहिली वं? तुया रडण्यानं माह्या ट्यूबा ओल्या होऊन राहिल्या."

"चाचा, मले बसवतच नाही. हात लागला की पाय आपोआप उठतेत."

"मग पायाले शिकव ना. मी शिकवतो, थांब."

तेव्हापासून चाचा येता-जाता तिच्या पाठीवर हात मारू लागला. पाना उचलताना एक, हवा भरून झाल्यावर एक. सांगून नाही हां, अचानक. पहिले चार दिवस सावली वीतभर उडायची आणि लोक ओरडायचे, "अगं माय, आमच्या डोक्याचा तर इचार कर!" मग ती नुसती थरथरू लागली. अठरा मेपर्यंत चाचाने दिवसाला पन्नास वेळा हात मारला तरी कडुनिंबाखालचं पान हलत नव्हतं. आत मात्र सगळं उसळत असे. पोटऱ्या, मांड्या, सगळं म्हणे ऊठ, ऊठ, ऊठ. आणि ती कान देऊन बसे, आवाज येतो का.

"वा रे पठ्ठे!" चाचा म्हणाला. "आता कोणी माईचा लाल तुले फाऊल देऊन दाखवो."

वीस मेला तिने चाचणीसाठी एक दिवसाच्या रजेचा अर्ज केला. लांजेवार सरांनी तो दोनदा वाचला.

"बदलीच्या माणसाला रजा नसते, त्रिवेणी. रजा कायम असणाऱ्याला. तू मुळात एका रजेतच बसलेली आहेस. रजेत रजा कशी घालणार?"

"दुसरं कोणी बसवा ना, सर, एका दिवसासाठी."

"बासष्ट मुलं, चौसष्ट झाडं. बाभळींना तर तीन मिळून एकच पोरगं आहे, ते पळून पळून अर्धं झालं." सरांनाही वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं वहीत लिहायला रकाना नव्हता. "तुला दुसरी सावली सापडली तर बसव. माझी हरकत नाही."

चोवीस मे उजाडला. धुर्वे मॅडमची जीप सात वाजता स्टँडवरून निघणार होती. त्रिवेणी साडेसहाला येऊन बसली, कडुनिंब म्हणाली, एकोणतीस म्हणाली. उठून जावं तर सावली वर जाणार, चाचा उन्हात पडणार, कडुनिंबाची सावली कायमची जाणार. बसून राहावं तर मैदान संपलं. जीप आली. आतल्या मुली हात करू लागल्या. मॅडमनी खाली उतरून विचारलं, "काय ठरलं गं?"

त्रिवेणीने एकदा जीपकडे बघितलं, एकदा चाचाकडे.

चाचाचं लक्ष तिच्यामागे गेलं. सकाळच्या उन्हात त्रिवेणीच्या पाठीमागे तिची स्वतःची सावली पडली होती. गारव्यात जरा गडद, लांबट, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"अवं, हे कोण बसलं मंग?" चाचा म्हणाला. "ही तर तीन हप्त्यांपासून रिकामीच बसून राहिली! हिले बसव ना तुया जागी, अन् तू जाय."

कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. मंडळाच्या नियमांत मुलांच्या स्वतःच्या सावल्यांचा उल्लेखच नाही. पण जागा द्यायची कशी? त्रिवेणीला जागा द्यायची एकच रीत येत होती. जीपने हॉर्न दिला. तिने बसल्या बसल्या वळून सावलीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि आयुष्यात कधी दिला नव्हता असा खणखणीत आवाज दिला.

"खो!"

सावली उठली आणि धावत सुटली. स्टँड ओलांडून गेली, जीपच्या मागच्या फळीवरून आत शिरली, आणि मुलींनी तिला सरकून जागा दिली. मॅडम घड्याळ बघत पुढे बसल्या. जीप गेली.

त्रिवेणी धुळीकडे बघत राहिली. शाळेतल्या तिसरीच्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, ज्याला खो मिळतो तो धावतो आणि देणारा त्याच्या जागी बसतो. चार वर्षं खेळणारी पोरगी, आणि घाईत हेच विसरली.

"चाचा," ती म्हणाली, "मी उलटं केलं."

चाचाने डोक्याला हात लावला. मग तो सायकलच्या ट्यूबला हवा भरू लागला, कारण गिऱ्हाईक उभं होतं.

तो दिवस सरता सरेना. सावली धावत असेल. कशी धावत असेल? खांबाला वळसा नीट घेत असेल का? त्रिवेणीचे पाय जमिनीत रुतल्यासारखे, आणि मन तीस मैलांवरच्या मैदानात. कडुनिंबाखालची सावली त्या दिवशी इतकी हलत होती की लोकांना वाटलं, वारा सुटला.

संध्याकाळी साडेसहाला जीप परतली. धुर्वे मॅडम उडी मारूनच उतरल्या.

"निवड झाली! पहिल्या क्रमांकावर! नऊ मिनिटं धावली, एकीच्याही हाताला लागली नाही. पंचांनी नियमाचं पुस्तक पूर्ण वाचलं. खेळाडूने शरीर सोबत आणावं असं त्यात कुठेही नाही. अन् धावणाऱ्याला आवाज लागत नाही, त्यामुळे तीही अडचण नाही."

"आणि मी, मॅडम?"

लांजेवार सरही छत्री मिटून येऊन उभे राहिले होते.

"मंडळाच्या दृष्टीने सूर्य बुडाला की तू मोकळी आहेस," सर म्हणाले.

"खेळाच्या दृष्टीने ती बसलेली आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "तिने खो दिलाय. तिला खो मिळेपर्यंत उठता येणार नाही. डाव संपल्याची शिट्टी पंच देतो, आणि या डावाला पंच नेमलेला नाही."

"हो, ते खरं," सर म्हणाले.

मग जीपमधून सावली उतरली. दमलेली, पायाला लाल माती. उतरत्या उन्हात ती चांगलीच लांब झाली होती. ती सरळ कडुनिंबाकडे आली आणि त्रिवेणीच्या मागे उभी राहिली. त्रिवेणीने पाठ ताठ केली, टाचा उचलल्या, नजर समोर. सूर्य स्टँडच्या पत्र्याला टेकला होता.

पाठीवर हात पडला. गार, हलका, अगदी तिच्याच मापाचा.

सगळं अंग म्हणालं, ऊठ.

त्रिवेणी कान देऊन बसली.

हात पुन्हा पडला. मग पुन्हा, जोरात. सावली बिचारी हात मारत होती, तोंड उघडत होती, पण सावलीला आवाज कुठला? मॅडमच्या ओठांवर शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. हात ज्याचा, आवाज त्याचा. त्यांनीच हे पोरीला चार वर्षं घोकून घेतलं होतं.

"ऊठ ना वं माय!" चाचाला राहवेना. "हात तं लागला!"

त्रिवेणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खालचं एक पान हललं नाही.

"आवाज नाही आला, चाचा," ती म्हणाली.

सूर्य बुडाला. सावली जिथल्या तिथे दिसेनाशी झाली.

दहा जूनला कडुनिंबाची सावली रजेवरून परत आली. जागेवर कोणीतरी बसलेलं पाहून तिने तक्रार केली नाही, पलीकडच्या बाजूला पडली. लतीफचाचाकडे आता दोन सावल्या आहेत. एकीत तो बसतो, एकीत सायकली ठेवतो. लांजेवार सरांनी मंडळाचं प्रमाणपत्र आणून दिलं, त्यावर 'उत्कृष्ट' असं आहे. शाळा सुरू झाल्यापासून ते येताना दहावीची पुस्तकं घेऊन येतात आणि हजेरी इथेच लावतात. आई सकाळी वेणी घालून जाते. मैदान बंद झाल्याचं तिला समाधान असावं असं लोकांना वाटतं, पण वेणी घालताना ती फार वेळ लावते.

त्रिवेणीची सावली विभागात खेळली, आता राज्यावर जाणार आहे. तिचे सामने सकाळी किंवा संध्याकाळीच ठेवतात, कारण भर दुपारी तिला धावता येत नाही. पेपरात नाव आलं, त्रिवेणी भोयर, आणि चाचाने ते कापून पंपाच्या वर चिकटवलं.

गावात असली की ती रोज उतरत्या उन्हात कडुनिंबाखाली येते. मागे उभी राहते आणि पाठीवर हात मारते. स्टँडवरचे लोक तेवढा वेळ बोलणं थांबवतात, यवतमाळची गाडीही मिनिटभर थांबते.

त्रिवेणी टाचा उचलून ऐकत असते.