काकूंचं बीपी एकदम छान

"बोटीच्या पत्त्यावर विमा? नाही हो काका, आमच्याकडे तसं बसत नाही," हे वाक्य रंगनाथराव विधात्यांना तिसऱ्या कंपनीनेही ऐकवलं, तेव्हा त्यांनी फोन जरा जोरातच ठेवला.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रंगनाथराव गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये स्वतः बांधलेल्या शिडाच्या बोटीवर राहायला गेले होते. सकाळी पोहायचं, नागलीची भाकरी खायची, चहात साखर नाही. तब्येत घोड्यासारखी आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. मंजुषाबाई मात्र मखमलाबादच्या गुलाबाच्या शेतावरून हलायला तयार नव्हत्या.

"आधी विमा काढा, मग येते मी राहायला," त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. "पाण्यात तुम्हाला काही झालं, तर मी काय शिडाला हाका मारत बसू?"

शेवटी महेश नावाच्या एजंटाने एक कंपनी शोधली. "काका, फॅमिली फ्लोटर घ्या."

"बोटीसाठी वेगळी निघाली का?"

"नाही हो, नवराबायकोला मिळून एकच पॉलिसी. फक्त तपासणी राहत्या जागी होईल."

महेशने दोघांची नावं भरली. मंजुषाबाईंची तपासणी मळ्यावर व्हायला हवी, हे मात्र त्याने कुठेच लिहिलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी पाण्यावरचं धुकं हटत नव्हतं. बहिरू मासेमाराच्या होडीतून कंपनीने पाठवलेली पूजा नावाची मुलगी आली. सटाण्याची होती, हसरी, पण कामात चोख. डेकवरच तिने रंगनाथरावांचं रक्त घेतलं, बीपी पाहिलं, छातीला वायरी चिकटवल्या. इतक्यात वाऱ्याने बोट सरकायला लागली, म्हणून वायरी काढून ते नांगर बघायला पुढच्या टोकाला गेले.

परत आले तर पूजा डेकवर नव्हती. खालच्या खोलीतून तिचा आवाज येत होता.

"हं, मूठ घट्ट आवळा. झालं हं. आता मोठा श्वास घ्या."

फोनवर कुणाला तरी समजावतेय, असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने पूजा बॅग सावरत वर आली. "काकूंचं बीपी एकदम छान आहे. तुमचंच जरा जास्त आहे, काका."

"कोणत्या काकू?"

"तुम्ही पण ना, काका!" ती हसत होडीत उतरली. चार वल्ही मारेपर्यंत होडी धुक्यात दिसेनाशी झाली.

रंगनाथराव खाली गेले. खोलीत कुणीच नव्हतं. पलंगावर घोंगडी मात्र उलगडलेली होती. त्यांनी हात लावून पाहिला. घोंगडी गरम होती.

ते तसेच वर येऊन उन्हाची वाट पाहत बसले. विनोद असेल, असं त्यांनी मनाशी सात-आठ वेळा म्हटलं.

पाच दिवसांनी कंपनीचं पत्र मंजुषाबाईंच्या फोनवर आलं. रंगनाथ विधाते, प्रस्ताव नामंजूर. मंजुषा विधाते, प्रस्ताव मंजूर, प्रकृती उत्तम. सोबत रिपोर्ट होता.

दुपारी मंजुषाबाई बहिरूच्या होडीत उभ्यानेच आल्या.

"कोण आहे ती?"

"अगं, कोणीच नाही."

"रक्तगट ओ निगेटिव्ह! माझा बी पॉझिटिव्ह आहे. आणि वजन बेचाळीस किलो!" त्यांचा आवाज इथे फाटला. मंजुषाबाईंचं वजन चौऱ्याहत्तर होतं. "बेचाळीस किलोची बाई कुठे लपवलीय?"

त्यांनी पलंगाखाली पाहिलं, शिडाची गुंडाळी उलगडली, पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा उघडलं. शेवटी बहिरूला धरलं. "तू रोज इथून जातोस. खरं सांग."

बहिरू पाण्याकडे बघत राहिला. "मी तर दुसरं कोणी नाय पाहिलं, बाई. पण दादा एकटे असले तरी बोट दोघांच्या वजनानं पाण्यात बसल्यावाणी दिसती. लय दिवस झाले."

मंजुषाबाईंनी रिपोर्टवरच्या नंबरवर पूजाला फोन लावून स्पीकर चालू केला.

"पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या काकू," पूजा म्हणाली. "हात बर्फासारखा गार होता. शीर लगेच सापडली पण. काही त्रास आहे का विचारलं, तर म्हणाल्या, मला काय व्हायचंय? ह्यांच्या छातीत दुखतं रोज पहाटे, ते बघ आधी."

फोन बंद झाला. बोट हलकेच डोलली. मंजुषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"दुखतं?"

रंगनाथरावांची मान हलली. "दोन महिने झाले."

"मला नाही सांगितलंत, आणि तिला सांगितलंत?"

"देवाशप्पथ, कुणालाच नाही सांगितलं गं."

भांडण तिथेच थांबलं. संध्याकाळच्या आत ते दवाखान्यात होते. हृदयाची एक नळी नव्वद टक्के बंद निघाली. "आणखी आठवडा गेला असता, तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

महिनाभराने रंगनाथराव बोटीवर परतले, ते मंजुषाबाईंना घेऊनच. विमा असो नसो, आता ह्यांना एकटं ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. रक्त आपलं नाही, हेही त्यांनी कंपनीला प्रामाणिकपणे कळवून टाकलं होतं. त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. चूक दुरुस्त करून हवी असेल, तर बोटीवर तुम्हा दोघांखेरीज अन्य कोणीही राहत नाही, असं सही करून पाठवा.

रंगनाथरावांनी पेन काढलं. मंजुषाबाईंनी त्यांचा हात धरला.

"खोटं कसं लिहायचं?"

मग मंजुषाबाईंनीच तीन कपांत चहा ओतला. दोन डेकवर ठेवले. तिसरा बशीसकट खाली उतरायच्या पायरीवर ठेवला आणि आपला कप उचलला.

समोर बगळे उडत होते. दोघंही डेकवर होते, हातात कप धरून. आणि खालून, अगदी सावकाश, बशीतून चहा ओढल्याचा भुरका ऐकू आला.

मंजुषाबाई खाली वाकल्या. "साखर कमी झाली का हो?"

रंगनाथरावांनी पेनाला टोपण लावलं.