आलमबागची तारीफ

घरमालकीण चंद्रप्रभाजी टोपलीभर दशहरी आंबे घेऊन वर आल्या, चहा प्यायल्या आणि कप खाली ठेवताना म्हणाल्या, "डॉक्टर साहब, सुना है आलमबाग में बड़े अच्छे मकान बन गए हैं. मेट्रो भी एकदम पास."

विभाला यात काही वावगं वाटलं नाही. धनंजयने मात्र कान टवकारले.

धनंजय मूळचा तासगावचा. तिकडे घर रिकामं करून हवं असेल तर मालक दारात उभा राहून "घर कधी सोडताय?" असं विचारतो आणि वर चहाही मागतो. लखनौच्या संशोधन संस्थेत रुजू झाल्यावर धनंजयने इथल्या गोड बोलण्याला भुलून बऱ्याच ठेचा खाल्ल्या होत्या. आता मात्र तो या विद्येतला जाणकार झाला होता. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. संस्थेत नव्याने आलेल्या मराठी पोरांना तो समजावून सांगे, की इथे 'देखेंगे' म्हणजे नाही आणि 'जरूर देखेंगे' म्हणजे त्रिवार नाही. अशा माणसाला आलमबागचा अर्थ कळायला कितीसा वेळ लागणार?

म्हाताऱ्या बाईंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने तितक्याच नजाकतीने उत्तर दिलं, "जी, आलमबाग का तो क्या कहना." चंद्रप्रभाजी लगेच उठल्या आणि गुडघ्याला हात लावत खाली गेल्या.

"घर सोडा म्हणतायत," धनंजय म्हणाला.

"काहीतरीच तुमचं. घालवायचं असलं तर एवढे आंबे कोण देतं?"

"घालवायचं असलं कीच देतात."

विभाचा जीव या घरात गुंतला होता. तिला टायफॉइड झाला तेव्हा चंद्रप्रभाजी रोज पातळ खिचडी घेऊन, दुखत्या गुडघ्यांनी जिना चढून येत. मुलगा बंगळूरला, नवरा कधीच गेलेला. संध्याकाळी विभासोबत भाजी निवडत बसणं हाच त्यांचा विरंगुळा होता. त्या बाई आपल्याला जा म्हणतील हे विभाला पटेना.

पण चार दिवसांनी जिन्याला नवा रंग लागला. मग वर्षानुवर्षं टिपटिप गळणारा न्हाणीघरातला नळ न सांगता बदलला गेला. "नव्या भाडेकरूची तयारी," धनंजयने निर्वाळा दिला. त्याने विभाला न विचारताच आलमबागला फ्लॅट ठरवला. सामान नेणारा माणूस येऊन कपाटाची मापं घेऊन गेला. त्या दिवसापासून चंद्रप्रभाजींचं वर येणं बंद झालं. मोलकरणीबरोबर त्यांनी एकदा विचारून पाठवलं, काही त्रास तर नाही ना? धनंजयने त्याचा अर्थ लावला, की अजून गेला कसे नाहीत?

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं खाली गेली. विभा पाया पडायला वाकली, तशी चंद्रप्रभाजींनी तिला खांद्यांना धरून उठवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "जाना ही था तो बता देते, बिटिया. हमसे क्या गलती हुई?"

धनंजय चक्रावला. "आलमबाग की बात तो आपने ही छेड़ी थी."

"दूधवाले ने बताया, आप वहाँ मकान देखने गए थे. हमारा तो दिल बैठ गया. सोचा, हम तारीफ करेंगे तो आप कहेंगे, नहीं, हम यहीं भले. आपने तो उल्टे हाँ में हाँ मिला दी."

धनंजय फ्लॅट बघायला गेला होता खरा, पण संस्थेतल्या एका मित्राच्या सोबतीला. त्याने चाचरत ते सांगितलं आणि मग जिन्याच्या रंगाबद्दल विचारलं.

"आप लोगों को रोकने के लिए," चंद्रप्रभाजी म्हणाल्या. मग विभाचा हात धरून म्हणाल्या, "मत जाइए."

लखनौत इतकं छोटं वाक्य धनंजयने कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिथूनच फोन करून फ्लॅट नको म्हणून कळवलं, गाडीवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि विभाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याचा अर्थ तासगावातही कळला असता.

चहा झाला. मनातलं एकदा सरळ बोलून टाकल्यावर चंद्रप्रभाजींना त्याची गोडीच लागली होती. "अब साफ बात चल ही पड़ी है, तो एक और कह दें? होली पर आप वो जो मीठी दाल वाली रोटी भेजती हैं न, वो हमसे खाई नहीं जाती."

धनंजयने धसकून बायकोकडे पाहिलं. विभाचा चेहरा उजळला होता. चंद्रप्रभाजी दरवर्षी तोंडभरून कौतुक करतात, "बिटिया, और भेजना" म्हणतात, म्हणून तर ती कंबर मोडेपर्यंत पुरण वाटत होती.

"मग पुढच्या होळीपासून पुरणपोळी बंद," तिने तिथल्या तिथे जाहीर केलं आणि चंद्रप्रभाजींना ते हिंदीतही सांगितलं. दोघी मनापासून हसल्या.

धनंजयने कप खाली ठेवला. "वैसे," तो शक्य तितक्या नजाकतीने म्हणाला, "पुरणपोळी की भी अपनी एक बात होती है."

दोघींनाही त्याचा अर्थ लख्ख कळला. मग चंद्रप्रभाजी निवडायची भाजी आणायला आत गेल्या आणि विभा त्यांच्या मागोमाग परात शोधायला उठली.