पाणी उलटं करून दाखवा

मुखेडच्या नव्या वसाहतीत नळाचा कॉक फिरवून पाणी सोडणारे बजरंग यांना कायम करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. अट किरकोळ होती. कोणत्याही पदासाठी उमेदवाराची तर्कशक्ती ॲरे आणि स्ट्रिंगच्या कोड्यांवर तपासावी, असं नवं धोरण आलं होतं. ॲरे म्हणजे ओळीने मांडलेल्या वस्तू आणि स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेली अक्षरं, एवढा खुलासा परिपत्रकात होता.

मुलाखत पाणीपुरवठा अधिकारी रेणुकादास यांनी घेतली.

“‘पाणी’ ही स्ट्रिंग उलटी करा.”

“णीपा,” बजरंग म्हणाले.

“चूक. काना, वेलांटी सुटे मोजायचे. संगणकाच्या मते वेलांटी सगळ्यांत आधी.”

“साहेब, वेलांटीपासून सुरू होणारा शब्द तोंडानं म्हणू कसा?”

“म्हणायचा नाही. सोडवायचा.”

बजरंग नापास झाले. नापास माणसाने सार्वजनिक कॉकला हात लावणं नियमबाह्य ठरलं, म्हणून कॉक बंद राहिला आणि बजरंग लातूरला क्लास लावायला गेले. आपला माणूस शिकतोय म्हटल्यावर वसाहतीने कुरकुर न करता टँकरवर भागवलं.

फेरपरीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले. हलगी लावून मिरवणूक निघाली. कॉकच्या खड्ड्यापाशी राहणाऱ्या तुळजाबाईंनी त्यांना ओवाळलं आणि त्या हळूच म्हणाल्या, “बजरंगा, आता सोड बाबा पाणी. लेकरं पारोशी हायत.”

बजरंग यांचा हात कॉककडे गेला. तो त्यांनी मोठ्या कष्टाने मागे घेतला. “मावशी, लई वाटतंय गं. पण पयल्या नंबरवाल्याला कॉकवर ठेवता येत न्हाई. मला परीक्षक केलंय.”

रिकाम्या जागेसाठी पुन्हा परीक्षा झाली. सगळ्यांनी ‘णीपा’ लिहिलं. बजरंग यांनी जड मनाने सगळ्यांना नापास केलं.

शेवटी वसाहत रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयावर धडकली. पुढे होते निवृत्त मुख्याध्यापक अण्णाराव.

“पाणी द्या, न्हाईतर खुर्च्या सोडा!” ते गरजले.

बजरंग बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. अण्णारावांनी घागर खाली ठेवली आणि जवळ येऊन, आवाज उतरवून विचारलं, “पाण्याचं बघू नंतर. लातूरचा तो क्लास कोणता हो? आमची सृष्टी यंदा चौथीत हाय.”

त्यांच्यामागे लगेच रांग लागली.

क्लासचं नाव इथे दिलेलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. हवं असेल तर रांग मागून आहे. घागर बाजूला ठेवून यावं.