रूपरावांनी ट्रॅम्पोलीन जमिनीत उतरविले त्याची हकीकत

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, आश्विन मासी, वर्धा शहराचे शिवेस नालवाडी नामे वस्ती, तेथे राजमान्य राजश्री रूपराव, वय वर्षे अडुसष्ट, यांनी ट्रॅम्पोलीन नामे उड्या मारावयाचे जाळे आपले परसबागेत जमिनीबरोबर बसविले. त्यास कष्ट किती पडले, कोण कोण रुसले, आणि अखेर यश कैसे आले, ते येथे साद्यंत लिहिले असे. थोरल्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. खड्ड्याची लढाई लिहावयास कोणी धजेना, म्हणोन हा उद्योग.

मूळ कारण ऐसे जे, श्रावणात नातीचे आठवे वाढदिवशी रूपरावांनी हे जाळे, आठ फूट रुंद, वाटोळे, चार पायांचे, नजराणा म्हणोन आणिले आणि अंगणात मांडिले. नात चिरंजीव समीक्षा त्यावर उडो लागली. तिची मातोश्री, म्हणजे सूनबाई काजल, कचेरीस गेल्या होत्या आणि पहाऱ्यावर खासा रूपराव होते. परंतु त्यांची नजर वर्तमानपत्रातील कापसाचे भावावर गेली, आणि तेच घटकेस समीक्षा उसळोन फरशीवर पडली. सावंगीस मोठे दवाखान्यात नेले, डावे हातास प्लास्टर चढले. सायंकाळी सूनबाईंचे फर्मान सुटले की, जाळे अडगळीत जावे, आणि यापुढे पोरीस आजोबांचे हवाली करू नये. तेव्हापासून त्या भाजी आणावयास निघाल्या तरी समीक्षेस शेजाऱ्यांचे घरी बसवोन जात. पुत्र धनंजय दोन्ही दरबारांचा मानकरी, तो मोबाइलमध्ये मान घालोन तटस्थ राहिला. जाळे गेले याचे रूपरावांस काही नव्हते. आजोबा घरी असता पोर शेजाऱ्यांकडे बसते, हे काळजास लागले आणि अन्न गोड लागेना.

मग एके दिवशी मोबाइलवर परमुलखीचा व्हिडिओ पाहण्यात आला. त्यात जाळे जमिनीत उतरविलेले, पोर पडले तरी गवतावर पडे. रूपरावांनी मिशीवर हात फिरविला आणि दिवाळीचे आत हे तडीस न्यावे ऐसा निश्चय केला. सूनबाईंस अर्ज गुदरला. 'करून पाहा' इतकाच रुक्ष जाब आला, तो रूपरावांनी होकार समजोन डोक्यास लावला.

पहिला मुकाबला घरातच पडला. जागा एकच होती आणि ती रूपरावांचे कुटुंब आनंदाबाई यांचे सांबाराचे वाफ्याची. कोथिंबिरीस त्या मुलखी सांबार म्हणतात, आणि त्यावाचून तेथील वरणास वरण म्हणत नाहीत. आनंदाबाई वाफ्याचे मधोमध खुर्ची टाकोन बसल्या आणि जाहीर केले की, त्रेचाळीस वर्षांचे संसारात एवढा एक वाफा आमचे हुकमतीत, तोही मागता, तर आधी आम्हांस उचला. दोन दिवस वेढा राहिला आणि वरण बिनसांबाराचे आले. तिसरे दिवशी तह ठरला की, खणलेली माती कुंपणालगत टाकोन दुप्पट वाफा करोन द्यावा, आणि त्यास पाणी रूपरावांनी तहयात घालावे.

मग फौज पाहो गेले तर सोयाबीनची कापणी ऐन भरात, मजूर एक मिळेना. तेव्हा खासा रूपराव कुदळ घेवोन उतरले. काळी माती वरी दगड, आत चिकट. कुदळ रुते ती सुटेना, आणि गुडघे रोज सायंकाळी तक्रार करीत. धनंजयरावांनी रविवारी चार घमेली उपसली आणि कमरेस मलम मागितले. आठ दिवसांत गळ्याइतका खोल खड्डा जाहला.

येथे रूपरावांची बुद्धी फिरली. उभा जन्म शेती केली, शेतात शेततळे बांधले, त्यामुळे खड्डा दिसला की प्लास्टिकची पन्नी अंथरावी हे हातास वळण. शेततळ्याची उरलेली जाड पन्नी होतीच, ती माती ढासळो नये म्हणोन तळापासोन काठापर्यंत चापोन बसविली आणि वरी जाळे ठेविले. दुसरे दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला, ऐसा की परसातले सारे पाणी वळोन दोन घटकांत खड्डा तुडुंब. संध्याकाळी बेडूक दाखल जाहले. समीक्षा खुशीत, ती कागदी होड्या करावयास बसली. इतक्यात कचेरीतून सूनबाईंची स्वारी आली, त्या काठावर उभ्या राहिल्या आणि शांतपणे बोलल्या, "मामाजी, त्या वक्ती पोरगी फरशीवर पडली. आता काय पाण्यात पाडता तिले?"

 रूपराव रात्री जेवले नाहीत. लढवय्याने हार खावी त्याचे इतके नाही, परंतु सून खरे बोलली याची लाज फार वाटली.

प्रातःकाळी शेजारचे प्रेमदासजी, पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंता, कुंपणावरोन सर्व पाहोन खड्ड्यापाशी आले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रूपरावजी, तुमी तं शेततळं करून ठेवलं. इथं पाणी थांबवाचं नाई, जाऊ द्याचं हाय."

मग मसलत बसली. पन्नी फाडोन काढिली, पाणी उपसले, बेडूक सन्मानाने नालीत पोचविले. तळाशी बोल्डर व मुरूम भरला आणि उताराकडे पाइप काढिला. काळी माती फुगते आणि भेगाळते, म्हणोन भोवती विटांची भिंत केली, वरले थरांत फटी ठेविल्या, की पोर उडी मारी तेव्हा खालची हवा बाहेर जावी. वीस बादल्या ओतोन परीक्षा घेतली. पाणी राहिले नाही. पाय काढोन जाळे गवताबरोबर बसले.

वसुबारसेस पहिली उडी खासा रूपरावांनी मारली. धोतर सावरीत तीन उड्या जाहल्या, चौथीस आनंदाबाईंनी वयाची आठवण करोन दिली. मग समीक्षा चढली, हाताचे प्लास्टर केव्हाच उतरले होते. काही वेळ उडाली, तोल गेला, आणि ती गवतावर लोळत गेली. सर्वांची नजर सूनबाईंकडे. समीक्षा उठली, फ्रॉक झटकला आणि पुन्हा जाळ्यावर गेली.

सूनबाई आत गेल्या. रूपरावांनी मान खाली घातली. सूनबाई पिशवी आणि स्कूटीची चाबी घेवोन बाहेर आल्या आणि फाटकापाशी थांबोन बोलल्या, "मामाजी, मी दिवाळीचा बाजार करून येते. समीक्षाकडे पाहजा."

रूपरावांनी काठावर खुर्ची मांडिली. आनंदाबाईंनी चहा आणोन ठेविला, त्यावर साय धरली तरी रूपरावांची नजर नातीवरोन हलली नाही. सूनबाई दीड तासाने परतल्या, तोवर रूपरावांचे डोळ्यांस पाणी आले ते पुसण्यास देखील त्यांनी हात उचलला नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख किती घेतला म्हणोन पुसाल, तर दीड तास. रूपरावांस तितका पुरे जाहला. मोर्तब असे.