काकूच्या मालिकेला सासू हवी!

माहिती कशी द्यावी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! शहाद्याच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं हेडक्लार्क आहे. खिडकीशी आलेल्या माणसाला मी आजवर रिकाम्या हाती परत पाठवलेलं नाही. मला माहिती नसली तरीसुद्धा!

त्यामुळे मुंबईहून रुचिका नावाच्या लेखिकेचा फोन आला, तेव्हा मी खुर्चीतच ताठ झालो.

"सर, जसोदाबाई पाटील तुमच्या काकू ना? आम्ही त्यांच्यावर मालिका करतोय. टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारी तुमच्या भागातली पहिली बाई!"

यात एका अक्षराचीही अतिशयोक्ती नव्हती. पंचाण्णव सालची गोष्ट. शहाद्यात उमाकांत केबलवाल्यानं स्वतःचं चॅनेल काढलं होतं. स्टुडिओ म्हणजे कापडदुकानाच्या माडीवरची खोली, मागे पडदा म्हणून चादर आणि समोर लग्नात शूटिंग करणारा कॅमेरा. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता आमची काकू ब्राह्मणपुरीहून एसटीनं जायची आणि थेट प्रक्षेपणात रांधायची. फुनके-कढी, पातोड्या, कळण्याची भाकरी! गुरुवारी दुपारी शेतात निंदणीला बाया मिळायच्या नाहीत. एका टीव्हीसमोर तीस-तीस बाया बसायच्या.

एकदा ऐन कार्यक्रमात भाजी करपली. दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून पळाली असती. काकू कॅमेऱ्याकडे बघून आमच्या अहिराणीत म्हणाली, "जळी गई भाजी. सगळास्नी जळस. आते वाचाडानी कशी, ते दखा!" त्या दिवसापासून अख्खा तालुका तिचा झाला.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. रुचिका म्हणाली, "वा! पण सर, संघर्ष? घरातून विरोध कोणी केला?"

"कोणीच नाही."

पलीकडची रेंज गेली असं वाटलं, पण मालिका जायला लागली होती!

"विरोध नसेल तर जरा अवघड आहे, सर."

काकू आज चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचं नाव जगापुढे येण्याची ही एकच संधी, आणि ती माझ्या हातून निसटणार? माझ्या तोंडून शब्द सुटले, "होती ना! सासू होती!"

"काय करायच्या त्या?"

"स्टोव्ह फेकायच्या!"

"अरे बापरे! आणखी?"

"कोठारात कोंडायच्या! कार्यक्रमाच्या दिवशी लुगडी लपवायच्या!"

ही सासू म्हणजे माझी सख्खी आजी. तिला जाऊन अठरा वर्षं झाली होती, तेव्हा ती काही तक्रार करायला येणार नव्हती. रुचिका भराभर लिहून घेत होती, आणि मी जेवणात मीठ टाकावं तितक्या सहजतेनं आजीवर गुन्हे टाकत होतो!

दोन महिन्यांनी युनिट ब्राह्मणपुरीत आलं. शूटिंग आमच्याच घरात. आजीच्या भूमिकेसाठी पुण्याहून एक धिप्पाड अभिनेत्री आणली होती. भुवया अशा, की नुसत्या उचलल्या तरी सून माहेरी पळावी! बाईंनी लुगडं नेसलं, आणि मला पहिल्यांदा घाम फुटला. कारण स्टोव्हफेकीचा प्रसंग त्याच दिवशी होता, आणि काकू नवीन पातळ नेसून दिग्दर्शकाशेजारी खुर्चीत बसली होती!

"काकू, उन्हात नको बसू. मंगलाआत्याकडे नवापूरला जाऊन ये. गाडी करून देतो."

"कसाले? ती उनी ना!"

मी वळून पाहिलं. दारात मंगलाआत्या उभी. आजीची एकुलती एक लेक! हातात नवापूरहून आणलेला तीस अंड्यांचा ट्रे. आत्याची नजर खाटेवर चहा पीत बसलेल्या अभिनेत्रीवर गेली आणि तिचे डोळे भरून आले.

"माय! हुबेहूब मन्ही माय शे!" तिनं त्या बाईंच्या पायावर डोकं टेकवलं. बाईही विरघळल्या. त्यांनी आत्याला पोटाशी धरलं. सगळं युनिट हळहळलं. मी सोडून!

"सायलेन्स! ॲक्शन!"

मघाची ती प्रेमळ माय पदर खोचून उठली. "टीव्हीवर तोंड दाखवायला निघालीस? घराची अब्रू चुलीत घालतेस?" असं गर्जून तिनं स्टोव्ह डोक्यावर उचलला.

आत्याच्या हातातून अंड्यांचा ट्रे पडला. ती गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून थेट कॅमेऱ्यासमोर घुसली आणि तिनं स्टोव्हचा पाय धरला!

"माय! ठेव तो खाले! तुले काय व्हयनं?"

अभिनेत्री कसलेल्या. त्यांना वाटलं, ऐन वेळी नवीन पात्र घातलंय! त्यांनी स्टोव्ह सोडला नाही. उलट आणखी दोन संवाद फेकले. अंड्यांच्या चिखलात दोघींची रस्सीखेच सुरू झाली. दिग्दर्शक कुजबुजला, "कोण आहे ही? जबरदस्त! चालू ठेवा, चालू ठेवा!"

"मन्ही मायनी जनममा कधी भांडं आपटं नही!" आत्या ओरडली. "कोनी सांगं तुमले हाई?"

"कट!"

रुचिकानं निरागसपणे वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "स्टोव्ह फेकणे, कोठारात कोंडणे, लुगडी लपवणे. माहिती देणारे, हेमकांत पाटील."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी बायको संध्या तर अशी बघत होती, जणू लग्नाच्या वेळी दिलेली सगळी माहिती ती आता नव्यानं तपासणार होती.

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "हेमू, तुन्ही आजीनी माले कोंडं?"

"नाही काकू. पण ते मालिकेसाठी जरासा मसाला..."

"मसाला माले शिकाडू नको!"

मग ती रुचिकाकडे वळली, आणि जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. आत्यालाही नव्हतं.

तो स्टोव्ह पंपाचा होता. दर पाच मिनिटांनी हवा मारावी लागायची. काकू बोलता बोलता वाकली की कॅमेऱ्यातून गायब व्हायची. म्हणून दर गुरुवारी आजी सोबत शहाद्याला जायची. टेबलावर लांब कापड, आणि कापडाच्या मागे, टेबलाखाली, आजी पंप मारत बसायची!

"पयला दिन मन्हा पाय लटलट करी ऱ्हायनात," काकू म्हणाली. "सासूनी एक हातनी पंप मारा, दुसरा हातनी मन्हा पाय धरा. घंटाभर सोडा नही. पाच वरीस ती टेबल खाले बठनी. म्हने, मन्हं नाव कोनले सांगू नको. आज मी सांगस. हाई दखाडा, नही ते मन्हं नाव काढी टाका."

आत्या पदरानं डोळे पुसत होती. रुचिकानं वहीतली तीन पानं फाडली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "विरोध कोणी केला एवढंच विचारलं मी. साथ कोणी दिली, हे विचारलंच नाही."

प्रसंग तिथल्या तिथे नवा लिहिला गेला. पण नवीन अडचण उभी राहिली. धिप्पाड बाई टेबलाखाली मावेनात! अर्ध्या शिरल्या, तर टेबलच चालू लागलं.

"फक्त हात दिसला तरी पुरे," दिग्दर्शक म्हणाला. "पण पंप मारता येणारं कोण आहे?"

युनिटमधल्या कुणीही स्टोव्ह पेटवलेला नव्हता. आत्याचा खांदा मघाच्या ओढाओढीत आखडला होता. काकूनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हाऊ बठी!"

संध्यानं माझ्याच वस्तऱ्यानं माझं मनगट गुळगुळीत केलं. साबण लावून डझनभर बांगड्या चढवल्या. इतक्या आनंदानं तिनं माझं कोणतंच काम कधी केलेलं नाही!

मी टेबलाखाली दोन तास होतो. अकरा टेक! नाकात रॉकेलचा धूर, गुडघे कानाशी. काकूची भूमिका करणारी मुलगी वर घाबरत होती, तिची वाक्यं अडत होती. शेवटी काकू तिच्याजवळ गेली.

"कॅमेराकडे नको दखू, बेटा. जी बाई घर एकली बठी शे, तिनाकडे दख. तिले सांग."

पुढचा टेक असा झाला, की लाइटवालेसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. मी अंधारात पंप मारत होतो आणि विचार करत होतो, आजीनं हे पाच वर्षं कसं केलं असेल? तिला तर एकदाही कुणी टाळी दिली नाही.

भाग लागला त्या दिवशी आमच्या अंगणात सगळी गल्ली जमली. पडद्यावर कापड बाजूला सरलं आणि बांगड्यांचा हात दिसला. एका लयीत पंप मारणारा.

"मन्ही मायना हात!" आत्या हुंदका देऊन म्हणाली आणि तिनं पडद्याची दृष्ट काढली. काकूनं गुपचूप माझ्या ताटात दोन फुनके जास्त वाढले. मला माफी मिळाली होती!

शेवटी नावं सरकू लागली. मी संध्याला कोपरानं ढोसलं, गल्लीला गप्प केलं, सगळ्यांना वाचायला लावलं. आणि आलं नाव! भल्या मोठ्या अक्षरात!

"आजींचे हात : हेमलता पाटील."

गल्लीनं कडाडून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हेमलताबाईंचं काम खरंच चांगलं झालं होतं!