मागेच जाणारी पाठवणी

"माझी सुवर्णा सासरी जाईल ती माझ्याच गाडीतून! भाड्याच्या गाडीत लेक बसवायला मी काय मेलोय?" झेंडूवाल्या खंडेरावांनी हे मखमलाबादभर सांगून ठेवलं आणि खास त्यासाठी जुनी कार घेतली. विकणारा म्हणाला होता, "गिअर जरा लाडावलाय, बाकी गाडी सोनं!"

लग्न लागलं, पंगती उठल्या. सजवलेली गाडी उन्हात उभी होती आणि बॉनेटवरचा झेंडू मान टाकत होता. फुलं सुकायला लागली की पाणी मारायचं, ही खंडेरावांची जन्माची सवय. ओतल्या दोन बादल्या! पाणी थेट आतल्या वायरींत गेलं.

लेक-जावई मागे बसले, बायकांनी गळा काढला, खंडेरावांनी चावी फिरवली. वायपर आपोआप सुरू झाले आणि माळा ओढून खाली पाडू लागले. मग हॉर्न बोंबलू लागला, तो थांबेचना.

"काढा की पुढं!" व्याही कानांवर हात ठेवून ओरडले.

पहिला गिअर पडेना. जोर लावला तर रिव्हर्स पडला आणि गाडी मागच्या मागे मंडपात!

"अहो, आत्ता गेली होती ना ही?" डोळे पुसत नवसाबाई, म्हणजे लेकीची आई, म्हणाल्या.

पुन्हा निरोप, पुन्हा रडारड, पुन्हा गाडी मंडपात. तिसऱ्या खेपेला बायकांनी रडणंच सोडलं. खंडेराव सकाळपासून राबून पिळून निघाले होते. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मामा, राहू द्या," जावई हर्षल म्हणाला. "तुमच्या फुलांच्या टेम्पोनं जातो. नाशिक रोड काय लांब नाय."

व्याही ड्रायव्हरशेजारी चढले. नवरा-नवरी मागे, रिकाम्या क्रेटांवर बसली. खंडेरावांचा मेहुणा रंगनाथ कारच्या बॉनेटात डोकं खुपसून होता, हॉर्न चालूच. मान गेला तो गेला, निदान लेकीशी चार शब्द बोलावेत म्हणून खंडेराव टेम्पोपाशी गेले आणि पुटपुटले.

"काय? अण्णा, ऐकू येईना!" सुवर्णा वरून ओरडली.

दिवसभर दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, "तुझ्याबिगर मला करमायचं नाय गं! नको जाऊ!"

नेमकी त्याच क्षणी रंगनाथनं बॅटरीची वायर उपटली आणि हॉर्न बंद!

शेवटचे शब्द अख्ख्या मंडपानं ऐकले. खंडेरावांनी उपरण्यात तोंड लपवलं. सुवर्णा खाली उडी मारून त्यांच्या गळ्यात पडली आणि बायका नव्या दमानं सुरू झाल्या.

व्याही टेम्पोतून उतरले, खुर्ची ओढून बसले.

"विहीणबाई, चहा टाका. आम्ही काय लवकर निघत नाय."