एका स्टेशनाचा सेकंड क्लास

ऐटीत प्रवास करायला पैसा लागतो असं जो म्हणतो, त्याला प्रवास कळलेलाच नाही! हे मत रिखबचंदचं. नंदुरबारच्या बाजारात आपल्या मिरचीच्या पोत्यावर बसून तो ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. स्वतः मात्र जन्मात कधी थर्ड क्लासच्या लाकडी बाकापलीकडे गेला नव्हता. आणि मिरची त्याच्या कपड्यांत अशी मुरलेली, की तो डब्यात शिरला की अख्खा बाक शिंकायला लागायचा! त्यामुळे जागा मात्र त्याला ऐसपैस मिळे.

पण या खेपेला गोष्ट निराळी होती. नवापूरला त्याच्या बहिणीच्या, कंकुबाईच्या, लेकीचं लग्न निघालं होतं आणि मामा म्हणून रिखबचंदला मायरा घेऊन जायचं होतं. मायरा म्हणजे भाचीच्या लग्नाला मामानं बहिणीच्या दारी न्यायचा कपड्यालत्त्याचा आहेर. मारवाड्यांच्या घरात बाईचं नाक सासरी वर राहतं ते मायऱ्यानं, आणि कापलं जातं तेही मायऱ्यानंच.

त्यात कंकुबाईची सासू हुलासबाई! बाई मनानं वाईट नव्हती हो, पण जीभ म्हणजे रिखबचंदच्या दुकानातला सगळ्यात तिखट माल. "तुझा भाऊ ना? तो मिरचीवाला? तो काय आणणार, पावशेर लवंगी?" असं ती चारचौघांत म्हणायची, आणि कंकुबाई खाली मान घालून भाकरी थापत राहायची. रिखबचंदच्या कानावर हे आलं की तो भरलं ताट बाजूला सारायचा. आईबाप लवकर गेलेले. कंकुला त्यानंच कडेवर घेऊन वाढवलेली.

"मायरा काही मोठा करणं आपल्याच्यानं होत नाही," तो बायकोला म्हणाला, "पण मामा मोठा दिसायला कोणाची ना आहे? आपण नवापूरला सेकंड क्लासमधून उतरायचं!"

बदामबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "मिरची डोक्यात गेली का तुमच्या?"

"अगं ऐक तर! चिंचपाड्यापर्यंत थर्ड. पुढचं स्टेशन नवापूर. तेवढंच सेकंड क्लासचं तिकीट काढायचं. बघणारे काय बघतात? माणूस कुठून उतरला ते! बसला कुठं, कोण विचारतं?"

बदामबाईनं पळी खाली ठेवली. आणि खरं सांगायचं तर, गादीवर बसून खिडकीतून सृष्टी बघायची तिलाही हौस होतीच. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. रिखबचंदनं एका वकिलाचा काळा कोट दोन दिवसांसाठी मागून आणला. वकील धिप्पाड, रिखबचंद काडी! कोटात तो शिरला की कोट आधी वळायचा आणि मग रिखबचंद.

चिंचपाड्याला गाडी इंजिनात पाणी भरायला जरा जास्त थांबायची. रिखबचंद उडी मारून तिकिटाच्या खिडकीशी धावला. बदामबाई मायऱ्याचं लहानसं बोचकं घेऊन मागोमाग उतरली.

"नवापूर! दोन! सेकंड क्लास!"

आतल्या मास्तरानं चष्मा पुसून त्याच्याकडे बघितलं. चिंचपाड्याला सेकंड क्लासचं तिकीट आजवर कोणी मागितलं नव्हतं. मास्तरानं फळीवर शोध शोध शोधून दोन तिकिटं काढली, त्यावरची धूळ फुंकली आणि दोघंही शिंकले.

तिकिटं मुठीत धरून रिखबचंद वळला, आणि बघतो तर काय! फलाटावर कंकुबाई!

आली होती ती भावाला सामोरी. सासरची धान्याची बैलगाडी सकाळी चिंचपाड्याला निघाली होती, तीत बसून आलेली. काखेत एक भलंथोरलं गाठोडं. थर्ड क्लासच्या एकेका खिडकीत डोकावून ती हाका मारत होती, "वीरा! अरे वीरा!" मारवाडी बहीण भावाला वीरा म्हणते. बाकी त्या घटकेला आमचा वीर बदामबाईला हाताला धरून ओढत सेकंड क्लासच्या डब्याकडे पळत होता!

डब्यात दुसरं कोणी नव्हतं. रिखबचंदनं खिडकीची झडप धाडकन पाडली आणि तो जमिनीवर आडवा झाला.

"अहो, कंकुबाईसा शोधताहेत! हाक तरी मारा!"

"श्शऽऽ! आत्ता बघितलं तर तिला कळेल, एकाच स्टेशनाचा शेठ आहे ते. नवापूरला बघू दे ना, सगळ्यांदेखत, ऐटीत! तिला किती आनंद होईल!"

बाहेरून हाक आली, "वीराऽऽ!" आता अगदी जवळून. रिखबचंदनं डोकं वर केलं. लहानपणी अंधार पडला की ती अशीच हाक मारायची. तो उठणार, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. झडपेच्या फटीतून त्यानं बघितलं, तर कंकुबाई गाठोड्यासकट कशीबशी थर्डच्या डब्यात चढत होती.

मग जाऊन तो गादीवर बसला. काय ती गादी! बूड टेकलं की माणूस वर यायचा! समोर आरसा. बदामबाईनं आजवर आरशात एका वेळी तोंडाचा एक तुकडाच पाहिलेला. इथं पदरापासून पावलापर्यंत आख्खी बाई दिसली, आणि बाई लाजून खाली बसली, ती नेमकी जमिनीवर. सवयच तशी!

"वर बस ना! पैसे भरलेत!"

"बसते," ती म्हणाली, पण हलली नाही. जरा वेळानं म्हणाली, "अहो, त्यांच्या काखेत गाठोडं कसलं होतं?"

"असेल काहीतरी."

"भावाला सामोरं जायला बाई आरतीचं ताट नेते. गाठोडं कशाला नेईल?" बदामबाईचा आवाज ओला झाला. "मायऱ्याची लुगडी असणार. स्वतःची ठेवणीतली. गाडीतच आपल्याकडे द्यायची, म्हणजे आपण आणली असं दिसेल. आपली लाज झाकायला आल्यात हो त्या!"

रिखबचंद गादीवरून ताडकन उठला. गाडी थांबवायच्या साखळीकडे हात गेला. खाली दंडाची पाटी होती, तिकडं डोळे गेले. हात खाली आला. मग तोही जमिनीवर बायकोशेजारी जाऊन बसला, गुडघ्यात डोकं घालून. अशा रीतीनं नवरा-बायकोनं सेकंड क्लासचा प्रवास धुळीत बसून केला, आणि गादी आपली रिकामी हिंदकळत राहिली!

नवापूर आलं. फलाटावर सनई, ढोल, फेटे, पाहुणे. आणि सगळ्यांच्या पुढे हुलासबाई. पण उभी कुठं? तर थर्ड क्लाससमोर! मिरचीवाला येणार तो दुसरा कशानं येणार? सेकंड क्लासचा डबा पार दुसऱ्या टोकाला. त्यातून एक काळा कोट आणि एक ठेवणीतलं लुगडं उतरलं, ते एका शेळीखेरीज कोणी बघितलं नाही.

थर्डमधून कंकुबाई एकटीच उतरली. तोंड पांढरंफटक.

"भाऊ कुठंय?" हुलासबाईनं विचारलं.

"दिसला नाही, सासूजी."

सनई थांबली. मायऱ्याला भाऊच नाही! पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, "तोंड फिरवलं वाटतं भावानं." कंकुबाईचे डोळे भरून आले.

"आलोऽऽ! आलो आलो!" कोट फडफडवत रिखबचंद धावत आला. कंकुबाईनं त्याला बघितलं, आणि लग्नघरातल्या बाईला न शोभेल अशी ती हुंदका देऊन हसली.

"कुठून उगवलात?" हुलासबाईनं दरडावलं.

ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तो हा क्षण! सेकंड क्लास, एवढं म्हणायचा अवकाश होता. पण बहिणीच्या काखेतलं गाठोडं त्याला दिसलं. आपण निराळ्या डब्यात होतो म्हटलं, तर गाठोडं तिचं तिनंच आणलं हे उघडं पडेल. तिची बिचारीची चोरी!

"इथंच होतो की! हिच्याबरोबर!" तो बोलून गेला. "पलीकडून उतरलो, गर्दी होती ना! आणि ते गाठोडं मायऱ्याचं हो. मीच दिलं हिच्याकडे धरायला."

कंकुबाई आ वासून बघत राहिली. हुलासबाईचं समाधान झालं. सनई पुन्हा सुरू झाली. मंडळी वाजतगाजत फाटकाशी आली, आणि तिथं तिकीट घेणारा बाबू उभा! त्यानं रिखबचंदची तिकिटं बघितली आणि खाडकन सलाम ठोकला.

"सेकंड क्लास! दोन! या शेठजी, या! बाजूला व्हा रे, सेकंड क्लासचे पाहुणे आहेत!" मग कंकुबाईचं तिकीट घेऊन तो तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "थर्ड. चला, पुढे."

सनई पुन्हा थांबली. ढोलवाला एक थाप चुकून जास्त मारून गप्प झाला.

हुलासबाईनं कोटाकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, सुनेच्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे तू गादीवर! बायको गादीवर! आणि सख्खी बहीण फळकुटावर? वर गाठोडंही तिच्याच काखेत? अरे, हमालीण आहे का ती तुझी? आणि मला सांगतोस, हिच्याबरोबर होतो म्हणून!"

"सासूजी, त्याचं ऐकू नका, मी खरं सांगते..." कंकुबाई पुढं सरसावली. रिखबचंदनं तिच्या पायावर पाय दिला.

"चुकलं, माँसा!" आईला म्हणावं तसं म्हणत त्यानं हात जोडले. "गादीचा मोह पडला."

"मोह पडला!" हुलासबाई कडाडली. मग तिनं काय करावं? सुनेच्या काखेतलं गाठोडं स्वतः ओढून घेतलं, गड्याच्या हातात कोंबलं आणि कंकुबाईचा हात धरला. "चल गं पोरी. असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. मी आहे ना तुला!"

पोरी! लग्न झाल्यापासून हा शब्द कंकुबाईनं या तोंडून ऐकला नव्हता.

दाराशी ओवाळताना तिनं भावाच्या कपाळावर अंगठा असा दाबला की कुंकू भुवईपर्यंत उतरलं. "वीरा, मी सांगून टाकते सगळ्यांना. लोक तुला काय काय म्हणताहेत!"

"खबरदार!" रिखबचंद पुटपुटला. "सासूनं आज तुझा हात धरलाय. तो सुटू देऊ नकोस. म्हणू दे मला काय म्हणायचं ते. मिरचीवाल्याला तिखटाचं काय?"

मायरा झाला. बायकांनी लुगडी वाखाणली. "माल झकास, माणूस मात्र दगड," असं म्हणत त्या रिखबचंदला ऐकू जाईल अशा बेतानं जिलबी वाढत होत्या. पठ्ठ्यानं ती चार वेळा मागून घेतली. इतकी गोड जिलबी त्यानं जन्मात खाल्ली नव्हती!

लग्न आटोपल्यावर हुलासबाईनं फर्मान काढलं. "कंकू दमलीय. चार दिवस माहेरी जाऊन येईल. सेकंड क्लासनं! भावजयही तिच्यासोबत बसेल. तिकिटं आमची. आणि हा?" तिनं बोट दाखवलं. "हा थर्डमध्ये. गाठोडी सांभाळत!"

परतीच्या गाडीत दोघी नणंदा-भावजया गादीवर उड्या मारून खिदळत होत्या. रिखबचंद दर स्टेशनाला थर्डमधून उतरून पाण्याचा तांब्या घेऊन धावायचा. "अजून काही हवं का बाईसा?" असं खिडकीशी अदबीनं विचारायचा. कंकुबाई सासूसारखं नाक उडवून म्हणायची, "वारा घाल!" आणि शिट्टी होईपर्यंत तो उपरण्यानं वारा घालायचा.

नंदुरबारला गाडी उभी राहते ना राहते तोच त्यानं धावत जाऊन सेकंड क्लासचं दार उघडलं, बहिणीला हात देऊन उतरवलं आणि सगळी गाठोडी डोक्यावर घेऊन तिच्या मागं चालू लागला. बाहेर टांगेवाला धुडकू उभा होता. त्याच्या तोंडातली विडी गळून पडली.

"काय शेठ, दुकान मोडं का काय? कोन्हाकडे नोकरी धरी?"

रिखबचंदनं डोक्यावरचं ओझं सावरलं, छाती पुढं काढली आणि सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असं धुडकूच्याच अहिराणीत सांगितलं,

"मन्ही बहीनकडे!"